नशिबाला बोल लावण्याआधी डोक्यावर हेल्मेट

सकाळी शाळेच्या आणि पाळीच्या वेळेला जवाहरनगरच्या रस्त्यावर उभे राहिले की आपली अर्धी वस्ती सायकलवर जाताना दिसते. आयुध निर्माणीकडे निघालेले कामगार, मागच्या कॅरिअरला डबा बांधलेले ठेकेदारीतले मजूर, ठाणा पेट्रोल पंपाकडे बाजाराला जाणारे म्हातारे बाबा, दप्तर पाठीला लावून जोडीजोडीने चाललेल्या शाळेतल्या मुली. बाजूने नागपूर-भंडारा महामार्गाचे ट्रक धडधडत जात असतात. मोटारसायकलवाल्यांपैकी काहींच्या डोक्यावर हेल्मेट असते. सायकलवाल्यांमध्ये मात्र शोधूनही एक हेल्मेट सापडत नाही.

आम्ही या पानासाठी काही जणांना त्याबद्दल विचारले. बहुतेकांना हसू आले. "काहून लागते जी हेल्मेट? सायकल तं हाये, फटफटी थोडीच हाये!" असे उत्तर मिळाले. उत्तरात राग नव्हता. सायकल आणि हेल्मेट यांचा काही संबंध असतो, हेच आजवर आपल्याला कोणी सांगितले नाही.

आमच्यापैकी एका ताईंच्या घरी घडलेली गोष्ट सांगतो. त्यांचा भाचा नववीत होता. संध्याकाळी शिकवणीहून सायकलने परतताना कुत्रे आडवे आले आणि तो पडला. ट्रक नव्हता, मोटार नव्हती, वेगही नव्हता. मुलगा स्वतःच उठला, सायकल उभी केली आणि घरी आला. "काही नाही झालं, जरासंच लागलं," म्हणाला. कानाच्या वर थोडी सूज होती. हळद लावली. थोड्या वेळाने डोके दुखते म्हणून तो आडवा झाला. "झोपू द्या लेकराला," असे सगळे म्हणाले. रात्री त्याला उलटी झाली आणि हाक मारली तर ओ देईना. गाडी करून नागपूरला नेईपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साचले होते. ऑपरेशन झाले, मुलगा वाचला. पण शाळेचे एक वर्ष गेले, घरावर कर्ज झाले, आणि वाचायला बसला की आजही त्याचे डोके दुखते.

भेटायला आलेल्यांपैकी काही म्हणाले, नशीब बलवत्तर म्हणून वाचला. काही म्हणाले, नशिबातच होते, कोण काय करणार? आम्हाला या दुसऱ्या वाक्यावर बोलायचे आहे.

कारण शोधणारी माणसे आपण

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या आजी-आजोबांनी धम्म स्वीकारला, तेव्हा नशीब आणि पूर्वजन्मीचे पाप ही भाषाही मागे टाकली. प्रत्येक गोष्टीला कारण असते, कारण दूर केले की परिणाम टळतो, हा बुद्धांचा कार्यकारणभाव आपण विहारात ऐकतो. मग तोच विचार रस्त्यावरही लावायला नको का? मुलगा पडला याला कारण होते कुत्रे. पडणे टळले नसते, असे समजू. पण पडल्यावर डोक्याला एवढा मार बसला, याला कारण होते उघडे डोके. ते कारण पाचशे-हजार रुपयांत दूर करता आले असते.

हे सांगताना त्या मुलाला किंवा त्याच्या आईवडिलांना दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. माहीत नसणे हा गुन्हा नाही. मात्र एकदा माहीत झाल्यावर नशिबाच्या मागे लपता येत नाही.

डोके आपटते तेव्हा काय होते

सायकलवर बसलेल्या मोठ्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण पाच फूट उंचीवर असते. तेवढ्या उंचीवरून कोणतीही वस्तू खाली पडली तर जमिनीला टेकताना तिचा वेग ताशी २० किलोमीटरच्या जवळपास पोहोचतो. म्हणजे सायकल अगदी सावकाश चालली असली, किंवा उभ्या उभ्या तोल गेला, तरी डोके त्याच वेगाने डांबरावर आदळू शकते. "आम्ही कुठे जोरात चालवतो?" या प्रश्नाचे हे उत्तर आहे. पडण्याचा वेग आपण ठरवत नाही, तो उंचीवरून ठरतो.

मेंदू मऊ असतो. कवटीच्या आत तो पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोके डांबरावर आपटले की कवटी एका क्षणात थांबते, पण मेंदू पुढे जाऊन आतून कवटीवर आदळतो. रक्तवाहिनी फुटली तर आत रक्त साचू लागते. कवटी फुग्यासारखी ताणत नाही, म्हणून साचलेले रक्त मेंदूलाच दाबते.

हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. डोके आपटले की तो थर चेपतो. जो धक्का क्षणात कवटीला बसला असता, तो थर चेपता चेपता थोडा लांबतो आणि मोठ्या भागावर पसरतो. हा थोडासा जास्त वेळ मेंदूसाठी फार मोलाचा असतो. सायकलच्या हेल्मेटची युरोपातली चाचणीही अशीच घेतात. साधारण दीड मीटर उंचीवरून, म्हणजे सायकलस्वाराच्या डोक्याच्या उंचीवरून, हेल्मेट आपटून पाहतात.

आकडे काय सांगतात

अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात डॉक्टरांनी सायकलवरून पडून दवाखान्यात आलेल्या लोकांचा अभ्यास केला आणि १९८९ साली तो प्रसिद्ध केला. हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याला इजा होण्याचा धोका ८५ टक्क्यांनी कमी आढळला. पुढे जगभरात असे अनेक अभ्यास झाले. २०१६ साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी असे ४० अभ्यास एकत्र तपासले. त्यांत ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती होती. पहिल्या अभ्यासाइतका मोठा आकडा त्यांना मिळाला नाही, पण हेल्मेटमुळे डोक्याची गंभीर इजा होण्याची शक्यता ६९ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेने मरण येण्याची शक्यता ६५ टक्क्यांनी कमी होते, असे त्यांना दिसले.

आपल्या देशात केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. सायकलवर कोण असते? ज्याच्याकडे मोटारसायकल नाही तो. कामगार, शेतमजूर, विद्यार्थी. म्हणजे आपलीच माणसे.

"हे तर श्रीमंतांचे चोचले"

शहरात महागड्या सायकली, रंगीत कपडे आणि हेल्मेट घालून रविवारी फिरायला निघणारे लोक आपण पाहतो. त्यामुळे हेल्मेट ही हौसेची वस्तू वाटते. वस्तुतः हौसेने आठवड्यातून एकदा सायकल चालवणाऱ्यापेक्षा पोटासाठी आणि शिक्षणासाठी रोज सायकल चालवणाऱ्याला ती जास्त गरजेची आहे. तो पहाटेच्या अंधारात निघतो, रात्रपाळी करून थकलेला परततो आणि ट्रकच्या रस्त्याच्या कडेने जातो.

दुसरे म्हणणे असते की हेल्मेट घालणे हे घाबरटाचे लक्षण आहे. आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची, सुमारे ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. त्या शर्यतीत हेल्मेटशिवाय सायकल चालवायला परवानगीच नसते. त्यांना कोणी घाबरट म्हणेल काय? युरोपातल्या मोठ्या शर्यतींतही पूर्वी हेल्मेटची सक्ती नव्हती. २००३ साली कझाकस्तानचे आंद्रेई किविलेव हे नामवंत सायकलपटू शर्यतीत पडले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्यांचा मृत्यू झाला आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने हेल्मेट सक्तीचे केले. सायकल चालवण्यात जगात ज्यांचा हात कोणी धरू शकत नाही, त्यांनाही हेल्मेट लागते. आपल्याला का लागू नये?

तिसरे म्हणणे उन्हाचे. भंडाऱ्याचा मे महिना काय असतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणूनच सायकलचे हेल्मेट मोटारसायकलच्या हेल्मेटसारखे बंद नसते. ते हलके असते आणि त्याला हवा जायला मोठी भोके असतात. आत पातळ सुती रुमाल बांधला तर घामही टिपला जातो. मुलींनी अंबाडा डोक्याच्या वर न बांधता वेणी किंवा खाली मानेशी बांधावा, म्हणजे हेल्मेट नीट बसते.

राहिला पैशांचा प्रश्न. साधे पण चांगले हेल्मेट पाचशे ते हजार-बाराशे रुपयांत मिळते. मजुरी करणाऱ्या घरात ही रक्कम लहान नाही, हे आम्ही जाणतो. पण मोबाईलच्या रिचार्जला, लग्नाच्या वरातीतल्या डीजेला, वाढदिवसाच्या केकला आपण काय देतो, याचाही हिशेब एकदा मांडून पाहावा. जवाहरनगरच्या घरांना सुरक्षेचे मोल कोणी शिकवायला नको. २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात निर्माणीतली आपली माणसे आपण गमावली आहेत. कामावर असताना सुरक्षेची साधने मिळावीत म्हणून कामगार भांडतो, ते बरोबरच आहे. फाटकाबाहेर पडल्यावर त्याचे डोके तेवढेच मोलाचे राहते, एवढेच आम्हाला म्हणायचे आहे.

दंड नको, साथ हवी

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे मोटारसायकलवर हेल्मेट सक्तीचे आहे. सायकल मोटार वाहनात मोडत नाही, म्हणून तिला ही सक्ती लागू नाही. मग सायकललाही सक्ती करून दंड लावावा काय? ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून जगात सर्वांत आधी तशी सक्ती केली. पण दुसरी बाजूही पाहावी लागेल. ज्या सिअ‍ॅटलमध्ये हेल्मेटचा उपयोग सिद्ध झाला, तेथेही पुढे सक्तीचा नियम आला. मात्र दंडाच्या पावत्या काळ्या लोकांच्या आणि बेघरांच्याच नावाने प्रमाणाबाहेर फाटत असल्याचे दिसले, म्हणून २०२२ साली तो नियम रद्द करण्यात आला. हेल्मेट वापरा, हा सल्ला मात्र तेथील आरोग्य विभागाने कायम ठेवला.

आम्हाला यातून धडा घ्यावासा वाटतो. दंडाचा बडगा आला तर तो आधी आपल्याच वस्तीवर पडेल. म्हणून आम्ही सायकलस्वाराला दंड मागत नाही. समाजाने स्वतःहून ही सवय लावून घ्यावी आणि सरकारने हात द्यावा, असे आमचे मत आहे. राज्यातल्या मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. ही फार चांगली योजना आहे. अनेक मुलींची शाळा तिच्यामुळे सुटली नाही. आता सायकलच्या रकमेत हेल्मेटचीही रक्कम धरावी, अशी मागणी ग्रामसभेत ठरावाने करता येईल.

हेल्मेट म्हणजे कवच-कुंडले नव्हेत. भरधाव ट्रकखाली ते माणसाला वाचवू शकत नाही. नेदरलँड्समध्ये हेल्मेट फारसे कोणी घालत नाही, तरी लोक बऱ्यापैकी सुरक्षित असतात, कारण तेथे सायकलींना वेगळा रस्ता आहे. आपल्याकडे तो नाही. म्हणून महामार्गालगत सायकलसाठी सुरक्षित पट्टा, चौकात दिवे, शाळेजवळ गतिरोधक ही मागणी सोडायची नाही. पण रस्ता होईपर्यंत लेकरांची डोकी उघडी ठेवायची, हेही आम्हाला पटत नाही. मागणी चालू ठेवावी आणि हेल्मेटही घालावे. जोडीला मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर, पुढे छोटा दिवा आणि धड चालणारे ब्रेक असावेत.

घेताना आणि घालताना

हेल्मेट घेताना आतल्या चिठ्ठीवर 'ईएन १०७८' हे मानक लिहिले आहे का, ते पाहावे. मूल पुढे वाढेल म्हणून मोठे हेल्मेट घेऊ नये. ढिले हेल्मेट पडताना सरकते आणि कपाळ उघडे पडते. मागे घट्ट-सैल करण्याची चकती असलेले घ्यावे, म्हणजे दोन-तीन वर्षे चालते.

घालताना पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटांवर यावी. अनेक जण टोपीसारखे मागे ढकलून घालतात, ते चूक आहे. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाच्या खाली एकत्र यावेत आणि हनुवटीखालचा पट्टा लावल्यावर त्यात एक-दोन बोटेच जावीत. पट्टा न लावलेले हेल्मेट डोके आपटण्याआधीच उडून जाते. हँडलला अडकवलेल्या हेल्मेटचा तर काहीच उपयोग नाही.

कामावरचे पिवळे हेल्मेट सायकलला चालत नाही. ते वरून पडणाऱ्या वस्तूंसाठी बनवलेले असते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी टाकून द्यावे, कारण आतला थर चेपलेला असतो. त्यामुळे कोणाचे जुने घेताना नीट चौकशी करावी. साबणाच्या पाण्याने पुसावे. रॉकेल, पेट्रोल किंवा ऑइलपेंट लावू नये.

मोटारसायकलवर लहान मुलांना नेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगतो. चार वर्षांवरील मुलाला हेल्मेट सक्तीचे आहेच. २०२२ च्या नियमांप्रमाणे नऊ महिने ते चार वर्षांच्या बाळालाही त्याच्या मापाचे हेल्मेट घालावे लागते, आणि तेथे सायकलचे हेल्मेट चालते. आपल्याकडे बाप हेल्मेट घालतो आणि पुढे टाकीवर बसलेले लेकरू उघड्या डोक्याने जाते. हे थांबले पाहिजे.

डोक्याला मार लागला तर

त्या भाच्याच्या बाबतीत जे झाले ते पुष्कळांच्या बाबतीत होते. पडल्यावर माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, चालतो आणि काही तासांनी अचानक बिघडतो. म्हणून डोक्याला मार लागलेल्यावर निदान एक दिवस कोणीतरी लक्ष ठेवावे. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, बडबड, झटके, एका बाजूचा हात-पाय ढिला पडणे, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाणी येणे, यांपैकी एकही लक्षण दिसले की वाट पाहू नये. पडल्यावर क्षणभर जरी शुद्ध हरपली असेल तरी डॉक्टरांना दाखवावेच.

१०८ ला फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, कांदा हुंगवत बसू नये, मान हलवू नये. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावे, म्हणजे वेळ वाया जात नाही. मदत करणाऱ्याला पोलिसांचा त्रास होईल ही भीतीही सोडावी. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते. मोटार वाहनाने धडक दिली असेल तर २०२५ च्या केंद्रीय योजनेप्रमाणे पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार ठरवून दिलेल्या रुग्णालयांत रोख पैसे न भरता मिळू शकतो. दवाखान्यात पोहोचताच त्याची विचारणा करावी.

विहारापासून सुरुवात

आपण दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार करतो, तेव्हा काचेचे स्मृतिचिन्ह देतो. ते कपाटावर धूळ खाते. यंदा त्याऐवजी सायकलवर जाणाऱ्या मुलांना हेल्मेट द्यावे. जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढावी. महिला मंडळाने बचत गटातून दहा-वीस हेल्मेट एकदम घेतली तर दुकानदार भावही कमी करील. रविवारच्या वंदनेनंतर पाच मिनिटे काढून पट्टा कसा लावायचा हे मुलांना दाखवावे. आणि मुलांना सांगण्याआधी बापाने आणि काकाने स्वतः घालावे. मूल ऐकून कमी शिकते, पाहून जास्त शिकते. वस्तीतली दहा डोकी झाकलेली दिसली की अकराव्याला लाज वाटणार नाही.

आपल्या घरात जमीनजुमला नव्हता. जे मिळवले ते शिकून मिळवले. आई-बापांनी अर्धपोटी राहून लेकरांच्या डोक्यात अक्षरे घातली. आपली सगळी कमाई त्या डोक्यात आहे. धम्म आपल्याला अप्रमाद शिकवतो, म्हणजे गाफील न राहणे. उद्या सकाळी लेकरू सायकल काढेल तेव्हा डबा घेतलास का, असे आपण विचारूच. हेल्मेटचा पट्टा लावलास का, हेही विचारू या.

जयभीम!